आधी फणी, मग औषध

वाचकांचे प्रश्न

जूनच्या मध्यावर शाळा उघडल्या की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा एक विषय ठरलेला असतो. उन्हाळ्यात, विशेषतः आखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकींची मुले आजोळच्या गच्चीवर एकाच सतरंजीवर डोक्याला डोके लावून झोपतात, मध्यरात्रीपर्यंत कुजबुजतात, आणि सुट्टी संपवून परतताना लोणच्याच्या बरणीबरोबर आणखीही काही सोबत नेतात. ज्या डोक्यात उवा पहिल्यांदाच आल्या आहेत ते डोके खाजू लागण्यास चार ते सहा आठवडेही लागू शकतात. त्यामुळे खाज सुरू होईपर्यंत शाळा उघडलेली असते आणि दोष बाकावर शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीला लागतो. यंदा आलेल्या पत्रांपैकी निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे अर्थातच दिलेली नाहीत.

प्रश्न : माझी मुलगी तिसरीत आहे. तिच्या डोक्यात उवा असल्याची चिठ्ठी शाळेतून वहीत आली. मी तिला लगेच ओट्यावर उन्हात बसवून एकेक बट वेगळी करून पाहिली, परंतु मला एकही ऊ दिसली नाही. सासूबाईंनी मात्र मानेच्या वर पाच-सहा पांढऱ्या लिखा दाखवल्या. औषध आणून ठेवले आहे, पण लावावे की नाही हे कळत नाही. घरच्या घरी डोके नेमके कसे तपासावे? (अमळनेर तालुक्यातील एक आई)

उत्तर : आपण आणि सासूबाई, दोघींनीही जे पाहिले ते खरेच पाहिले. लीख केसाला घट्ट चिकटलेली असते आणि जागची हलत नाही, म्हणून ती दिसते. ऊ मात्र उजेड पडताच आणि केस विस्कटताच बाजूला सरकते. तिला पंख नसतात आणि उडीही मारता येत नाही, तरी सहा पायांच्या आकड्यांनी केस धरून ती मिनिटाला वीतभर अंतर सहज चालून जाते. कोरड्या केसांत बोटांनी बट बाजूला करून ऊ शोधणे म्हणजे गवतात काठी आपटत ससा शोधण्यासारखे आहे. आपण जिथे पाहतो तिथून ती आधीच निघून गेलेली असते. म्हणून नुसत्या डोळ्यांनी ‘उवा नाहीत’ असा निष्कर्ष काढू नये, आणि नुसत्या पांढऱ्या लिखा पाहून ‘उवा आहेत’ असाही काढू नये. जिवंत, हलणारी ऊ सापडली तरच डोक्यात उवा आहेत असे समजावे, आणि ती सापडते ओल्या, बुळबुळीत केसांतून फिरवलेल्या बारीक फणीत.

आपल्याकडे कंगवा आणि फणी असे दोन वेगळे शब्द आहेत, ते उगीच नव्हेत. कंगव्याने गुंता निघतो, उवा निघत नाहीत. फणीच्या दोन दातांमधली फट ०.३ मिलिमीटरपेक्षा कमी असावी. बाजारात फणी घेताना तिच्या फटीत वहीची दोन-तीन पाने एकत्र धरून सरकवून पाहावीत, आणि ती सैल जात असतील तर ती फणी परत ठेवावी. जुन्या लाकडी दुहेरी फण्या चांगल्या असतात, परंतु त्यांतले दात तुटलेले असतील तर उवांना तेवढीच वाट मोकळी मिळते. या दुहेरी फणीचा वंश फार जुना आहे. इस्रायलमधील लाखीश येथील उत्खननात सापडलेल्या सुमारे ३,७०० वर्षांपूर्वीच्या हस्तिदंती फणीला एका बाजूस गुंता काढण्यासाठी सहा जाड दात आणि दुसऱ्या बाजूस उवांसाठी चौदा बारीक दात आहेत, आणि या हस्तिदंताने केसांतल्या व दाढीतल्या उवा निपटून काढाव्यात, अशा अर्थाची प्रार्थना तिच्यावर कोरलेली आहे. ती अक्षरे वाचून त्यांचा अर्थ २०२२ मध्ये जाहीर झाला. एवढ्या काळात केसांना लावण्याची औषधे किती बदलली, आणि फणी मात्र जवळपास तशीच राहिली.

आता प्रत्यक्ष तपासणी. सुट्टीच्या दिवशी सकाळी, घाई नसताना, मुलीचे केस नेहमीप्रमाणे धुवावेत आणि निथळू द्यावेत. केस ओले असतानाच त्यांना भरपूर कंडिशनर लावावा. त्याच्या छोट्या पुड्या आता खेड्यातल्या किराणा दुकानातही मिळतात. तो नसेल तर खोबरेल तेल चालेल, पण हात आखडता घेऊ नये, कारण केस इतके निसरडे व्हायला हवेत की उवेला ते धरून पळता येऊ नये. मुलीला खिडकीकडे पाठ करून पाटावर किंवा ओट्याच्या पायरीवर बसवावे, तिच्या खांद्यांवर पांढरा पंचा टाकावा आणि आपल्या मांडीवर दुसरा पांढरा सुती कपडा घ्यावा. प्रथम मोठ्या दातांच्या कंगव्याने सगळा गुंता काढून घ्यावा. गुंता तसाच ठेवून फणी घातली तर मूल रडते आणि पुढच्या वेळी बसतच नाही.

सुरुवात मानेपासून आणि कानांच्या मागून करावी, कारण उवा आणि लिखा तिथे सर्वांत जास्त सापडतात. बोटभर रुंदीची एक बट घ्यावी, फणीचे दात डोक्याच्या कातडीला हलके टेकवावेत आणि एका संथ ओढीत फणी केसाच्या टोकापर्यंत आणावी. टोकाशी आलेली फणी दर वेळी पांढऱ्या कपड्यावर पुसावी आणि पुसल्यावर त्या कपड्याकडे नीट पाहावे. हीच पायरी बहुतेकजणी गाळतात. पुसलेल्या पांढऱ्या फेसात तिळाएवढा, करडा-तपकिरी ठिपका दिसला की क्षणभर थांबावे. तो तीळ पाय हलवू लागला तर ती पूर्ण वाढलेली ऊ आहे, दोन ते तीन मिलिमीटरची. अंड्यातून नुकतेच निघालेले पिल्लू मात्र खसखशीच्या दाण्याएवढेच असते आणि फेसात बुडालेले असल्यामुळे पटकन हलत नाही. असा दाणा दिसला तर नखाने थोडा फेस बाजूला करावा. मानेकडून टाळूकडे, टाळूवरून कपाळाकडे, असे सगळे डोके एकदा झाले की पुन्हा पहिल्यापासून एकदा करावे. आखूड केसांना दहा मिनिटे पुरतात, कमरेपर्यंतच्या केसांना अर्धा तास लागतो. तेवढा वेळ मुलीला गोष्ट सांगावी किंवा तिच्याकडून पाढे म्हणवून घ्यावेत, पण तिच्यासमोर “किती झाल्या गं बाई!” असे उद्गार काढू नयेत. तिला ते वर्षभर आठवतात.

सासूबाईंनी दाखवलेल्या लिखांविषयी एक मोजमाप करून पाहावे. मादी ऊ दिवसाला सहा ते आठ अंडी घालते आणि ती केसावर कातडीला अगदी लागून, साधारण सहा मिलिमीटरच्या आत चिकटवते. तिथली ऊब त्यांना लागते. सात ते दहा दिवसांत त्यांतून पिल्ले निघतात आणि रिकामे कवच तिथेच चिकटून राहते. केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो, म्हणून करंगळीच्या नखाच्या रुंदीपेक्षा जास्त अंतरावर गेलेली लीख ही बहुधा जुनी, रिकामी असते. आपण ज्या पांढऱ्याशुभ्र लिखा पाहिल्या त्या बऱ्याचदा अशाच असतात. भरलेली लीख पिवळसर तपकिरी असते, केसाच्या रंगात मिसळून जाते आणि म्हणूनच नजरेतून सुटते. आपल्या आज्या लीख दोन अंगठ्यांच्या नखांत धरून ‘टच्’ असा आवाज येतो का ते पाहत. रिकामे कवच असा आवाज देत नाही, त्यामुळे त्या परीक्षेला अर्थ होता. तेव्हा सासूबाईंनी दाखवलेल्या लिखा केसाच्या मुळापासून किती दूर आहेत ते आधी पाहावे. एक सेंटिमीटरपेक्षा दूर आणि फणीत हलणारी ऊ एकही नाही, असे असेल तर आणलेले औषध तसेच ठेवावे. लिखा मुळाशी असतील आणि ऊ सापडत नसेल, तर दर चार दिवसांनी फणी फिरवून दोन आठवडे लक्ष ठेवावे.

हलणारी एक जरी ऊ सापडली तरी उपचार करावा, आणि त्याचे दोन मार्ग आहेत. पहिला केवळ फणीचा. वर सांगितल्याप्रमाणे ओल्या, निसरड्या केसांतून पहिल्या, पाचव्या, नवव्या आणि तेराव्या दिवशी पूर्ण डोके विंचरावे आणि सतराव्या दिवशी तपासणी करावी. या दिवसांचा हिशोब अंड्यांच्या मुदतीवर बसवलेला आहे. फणीतून सुटलेली अंडी पुढच्या दहाएक दिवसांत फुटतात, आणि चार-चार दिवसांनी फणी फिरल्यामुळे निघालेले पिल्लू वयात येऊन अंडी घालण्यापूर्वीच बाहेर येते. एक दिवस चुकला तर हा हिशोब कोलमडतो, म्हणून भिंतीवरच्या दिनदर्शिकेत या पाच तारखांना गोल करून ठेवावा.

दुसरा मार्ग औषधाचा. एक टक्का परमेथ्रिनचे लोशन बहुतेक औषध दुकानांत मिळते. ते धुतलेल्या आणि टॉवेलने टिपलेल्या केसांना मुळांपासून लावून दहा मिनिटे ठेवावे आणि धुवून टाकावे. ते सर्व अंडी मारत नाही, म्हणून नवव्या दिवशी दुसऱ्यांदा लावावे लागते, आणि बहुतेकांचे औषध ‘लागू पडत नाही’ ते दुसऱ्यांदा न लावल्यामुळे. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी : कंडिशनर किंवा तेल लावलेल्या केसांवर हे औषध नीट काम करत नाही, म्हणून तपासणीत ऊ सापडल्यास केस साध्या शाम्पूने स्वच्छ धुवून मगच औषध लावावे. दोन वेळा व्यवस्थित लावूनही जिवंत उवा दिसत असतील, तर तेच औषध तिसऱ्यांदा लावण्यात अर्थ नाही. काही ठिकाणच्या उवा त्याला सरावलेल्या असतात. मग एक तर फणीचा मार्ग धरावा, नाही तर डॉक्टरांना विचारावे. उवांसाठी पोटात घ्यायच्या आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या शेजारच्यांनी सांगितल्या म्हणून देऊ नयेत. पंधरा किलोपेक्षा कमी वजनाच्या मुलांना आणि गरोदर स्त्रियांना त्या दिल्या जात नाहीत.

तपासणी एकट्या मुलीची करून थांबू नये, तिच्याबरोबर झोपणाऱ्या आणि वेण्या घालणाऱ्या सर्वांची त्याच दिवशी करावी, सासूबाईंची आणि आपली स्वतःचीसुद्धा. सगळे घर फवारण्याची, गाद्या जाळण्याची काहीच गरज नाही. डोक्यावरून खाली पडलेली ऊ रक्त न मिळाल्याने एक-दोन दिवसांत मरते. मागील दोन दिवसांत वापरलेले उशांचे अभ्रे, टॉवेल आणि ओढण्या कढत पाण्यात धुवून उन्हात टाकाव्यात, फण्या आणि कंगवे पाच-दहा मिनिटे तशाच कढत पाण्यात बुडवून ठेवावेत, एवढे पुरते.

प्रश्न : मुलीच्या केसांवर पांढरे कण आहेत. पत्नी लिखा म्हणते, मी कोंडा म्हणतो. फरक कसा ओळखावा? (शहादा येथील एक वडील)

उत्तर : बोटाने झटकून पाहा. कोंडा पडतो. लीख पडत नाही, ती नखाने ओढतच टोकापर्यंत न्यावी लागते. एक तिसरी शक्यताही आहे, जी आपण दोघांनीही लिहिलेली नाही : केसाभोवती गुंडाळलेली बारीक पांढरी नळी, जी लिखेसारखी दिसते पण चिमटीत धरली की केसावरून मण्यासारखी सहज सरकते. रोज करकचून दोन वेण्या घालणाऱ्या मुलींच्या केसांवर अशा नळ्या आढळतात. त्यांना औषध लागत नाही, वेणी सैल घालावी.

प्रश्न : ताई, तुम्ही दुकानातली औषधे सांगता, पण आमच्या हातून तीन पिढ्यांच्या उवा सीताफळाच्या बियांनी गेल्या आहेत. बिया वाळवायच्या, कुटायच्या, खोबरेल तेलात खलवून रात्री डोक्याला लावायच्या आणि फडके बांधून झोपायचे. आता सून म्हणते की हे लावायचे नाही. ती घासलेट लावू म्हणते. शेजारच्या घरात तर कपाशीच्या फवारणीतले उरलेले औषध पाण्यात घालून लावले, आणि म्हणतात की एका दिवसात सगळ्या मेल्या. खरे काय ते सांगा. (यावल तालुक्यातील एक आजी)

उत्तर : आजी, आपण तीन वेगवेगळ्या गोष्टी एका पत्रात लिहिल्या आहेत आणि त्यांचा धोका सारखा नाही, म्हणून एकेकीविषयी लिहिते.

शेजारच्या घरातली गोष्ट सर्वांत आधी, कारण ती जीवघेणी आहे. खानदेशात कपाशी पिकवणाऱ्या जवळजवळ प्रत्येक घराच्या कोनाड्यात किंवा माळ्यावर फवारणीची अर्धी बाटली असते, आणि तिच्याने बोंडावरची कीड मरते तर डोक्यावरची का मरणार नाही, हा विचार सुचणे साहजिक आहे. ऊ मरते, यात शंका नाही. परंतु हे विष कातडीतून शरीरात शिरते, डोक्याची कातडी खाजवून सोललेली असेल तर अधिक वेगाने शिरते, आणि वीस किलोच्या मुलाला त्याची फार थोडी मात्रा पुरते. ‘पाण्यात घालून’ या शब्दांनी धीर येऊ देऊ नये, शेतात फवारतानाही ते पाण्यातच घालतात. असे काही लावल्यानंतर मुलाला दरदरून घाम येणे, तोंडातून लाळ गळणे, उलट्या होणे, डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक होणे किंवा श्वास लागणे, यांपैकी काहीही दिसले तर अंगावरचे कपडे काढून डोके आणि अंग साबणाने भरपूर पाण्याखाली धुवावे, १०८ क्रमांकावर फोन करावा आणि बाटली बरोबर घेऊनच रुग्णालयात जावे. बाटलीवरचे नाव वाचता आले की डॉक्टरांचा वेळ वाचतो. धुणाऱ्याने स्वतःच्या हातांवर प्लॅस्टिकची पिशवी चढवावी. ढेकणांची पावडर आणि मुंग्यांचा खडू यांनाही हेच लागू आहे. शेजारच्यांच्या मुलांना आज काही झालेले दिसत नसले, तरी त्यांना हे अवश्य वाचून दाखवावे.

घासलेटाने कातडी भाजल्यासारखी होते, त्याचा वास श्वासातून जातो आणि ते पेट घेते. घासलेट लावून फडके बांधलेली मुलगी चुलीशी भाकरी पाहायला वाकली तर काय होईल, याची कल्पना मी आपल्यासारख्या अनुभवी बाईला द्यायला नको. सुनेला माझा निरोप सांगावा की घासलेट नको.

राहता राहिल्या सीताफळाच्या बिया. येथे मी आपल्याला खोटे ठरवणार नाही, कारण या बियांत कीटकांना मारणारी द्रव्ये खरोखरच आहेत आणि आपल्या तीन पिढ्यांच्या उवा त्यांनी मेल्या असतील यावर माझा विश्वास आहे. सातपुड्याच्या पायथ्याला जिथे दसरा-दिवाळीच्या सुमारास सीताफळांच्या पाट्या दारात येतात, तिथे हे औषध फुकट मिळते हेही खरे. माझा आक्षेप डोळ्यांसाठी आहे. मी तीस वर्षे आरोग्य केंद्रांत परिचारिका म्हणून काम केले आणि त्या काळात आठ वर्षांची एक मुलगी माझ्यासमोर आली होती, जिला तिची आई कडेवर घेऊन आली, कारण तिला एकही डोळा उघडता येत नव्हता. रात्री बियांची पूड लावून बांधलेले फडके झोपेत सरकले होते आणि घामाबरोबर तेल डोळ्यांत उतरले होते. आईला वाटले होते डोळे आले. बियांची पूड डोळ्यात गेली की बुबुळावरचा पारदर्शक पडदा सोलवटतो, असह्य आग होते, उजेड सहन होत नाही, आणि उपचाराला उशीर झाला तर त्या जागी फूल पडून नजर अधू होऊ शकते. ती मुलगी बरी झाली, पण आठवडाभर दोन्ही डोळ्यांना पट्टी बांधून. त्या एका प्रसंगानंतर मी हे औषध कोणालाही सांगितलेले नाही, आणि आपणही सांगू नये अशी विनंती आहे. चुकून पूड डोळ्यात गेलीच तर चोळू नये, मुलाचे डोके एका बाजूला कलते करून पंधरा-वीस मिनिटे स्वच्छ पाण्याची धार सोडावी आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यावे.

आपल्या पद्धतीतले खोबरेल तेल मात्र ठेवा, बिया तेवढ्या वगळा. तेल लावलेल्या केसांतून बारीक फणी फिरवण्याचा आपल्या हाताला जो सराव आहे, तो सुनेच्या हाताला नाही. नातीला पाटावर बसवून वर पहिल्या उत्तरात दिलेल्या तारखांना आपणच फणी फिरवलीत, तर बियांचीही गरज पडणार नाही आणि घासलेटाचीही.

प्रश्न : मी नंदुरबार जिल्ह्यातील एका आश्रमशाळेत मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षिका आहे. साठ मुली आहेत आणि निम्म्या तरी डोके खाजवताना दिसतात. प्रत्येकीला कंडिशनर देणे परवडत नाही. सर्वांचे केस बारीक कापून टाकावेत असा आग्रह वरून होत आहे. काय करावे?

उत्तर : केस कापू नयेत. केस नसले की उवा राहत नाहीत हे खरे, परंतु फणीने होणाऱ्या कामासाठी मुलींचे केस उतरवणे ही उपचाराच्या नावाखाली दिलेली शिक्षा आहे, आणि घरून वेण्या घालून आलेली मुलगी ती शिक्षा म्हणूनच लक्षात ठेवते. ‘वरून’ आलेल्या आग्रहाला आपण हे लेखी कळवावे असे माझे स्पष्ट मत आहे.

साठ मुलींना प्रत्येकी पंधरा मिनिटे धरली तरी पंधरा तासांचे काम होते, ते आपण एकट्याने करू नये आणि एका दिवसात तर मुळीच करू नये. कामाची विभागणी वर्गांप्रमाणे न करता झोपण्याच्या खोल्यांप्रमाणे करावी, कारण उवा शेजारी शेजारी टेकलेल्या डोक्यांवरून जातात आणि वसतिगृहात डोकी टेकतात ती रात्री. एका खोलीतल्या सर्व मुलींची तपासणी एकाच दिवशी, आणि ज्यांच्या डोक्यात जिवंत ऊ सापडेल त्या सर्वांना उपचारही त्याच दिवशी. आठवी-नववीच्या मुलींना फणी धरायला शिकवले की त्या लहानग्यांचे डोके आपल्यापेक्षा मऊ हाताने विंचरतात. मात्र मोठ्या मुलींची तपासणी आधी झालेली असावी. कंडिशनरऐवजी खोबरेल तेल वापरावे, आणि तेही कमी पडत असेल तर कोरड्या केसांतून बारीक फणी फिरवावी. नुसत्या डोळ्यांनी पाहण्यापेक्षा तीही कितीतरी बरी. खर्च करायचाच असेल तर तो फण्यांवर करावा : प्रत्येक मुलीला स्वतःची फणी, तिच्यावर तिचे नाव, आणि आठवड्यातून एकदा सर्व फण्या एका पातेल्यात कढत पाण्याखाली. औषधाची गरज किती मुलींना आहे हे तपासणीनंतर मोजून प्राथमिक आरोग्य केंद्राकडे लेखी मागणी करावी. अंदाजाने केलेल्या मागणीपेक्षा मोजलेली मागणी लवकर मंजूर होते, हा माझा नोकरीतला अनुभव आहे.

दोन गोष्टी आणखी. तपासणीची यादी सूचनाफलकावर लावू नये. आणि कोणत्याही मुलीला उवांसाठी वर्गाबाहेर बसवू नये किंवा घरी पाठवू नये. डोक्यातल्या उवांमुळे कोणताही आजार पसरत नाही, आणि अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०२२ च्या मार्गदर्शनात मुलांना उवांसाठी शाळेपासून दूर ठेवू नये असेच सांगितले आहे. फक्त ज्या मुलीच्या डोक्यात पू झालेल्या पुटकुळ्या, पिवळ्या खपल्या किंवा मानेमागे अवधाणाच्या गाठी आहेत, तिला आरोग्य केंद्रात दाखवावे. तो खाजवून झालेला जंतुसंसर्ग असतो आणि त्याचे औषध वेगळे असते.

प्रश्न : मी सातवीत आहे. माझ्या डोक्यात उवा आहेत हे मला माहीत आहे. मैत्रिणी डबा खाताना जरा लांब बसतात. आईला सांगायची लाज वाटते, कारण ती नेहमी म्हणते की घाणेरड्या मुलींच्याच डोक्यात उवा पडतात. (पत्रावर गाव लिहिलेले नाही)

उत्तर : तुझे अक्षर फार सुंदर आहे. आता कामाचे सांगते. आपल्या भाषेत उवा ‘पडतात’ किंवा ‘होतात’ असे म्हणतात खरे, पण त्या आभाळातून पडत नाहीत आणि मळातून, घामातून किंवा पाणी बदलल्याने तयारही होत नाहीत. त्या एका डोक्यावरून दुसऱ्या डोक्यावर चालत येतात. रोज न्हाणाऱ्या मुलीच्या डोक्यावरही त्या तितक्याच सुखाने राहतात, आणि कोणाचे रक्त ‘गोड’ असल्यामुळे तिच्याकडे येतात हेही खोटे. तू कोणाच्या तरी डोक्याला डोके लावून मोबाइलवर काही पाहिले असशील, एवढाच तुझा अपराध. आईला तोंडाने सांगणे जड जात असेल तर हे पान उघडून तिच्या पोळपाटाशेजारी ठेव आणि पहिल्या प्रश्नाच्या उत्तरावर बोट ठेव. पहिल्या विंचरण्यात मोठ्या उवा बऱ्याच निघतात, खाज मात्र काही दिवस राहते, कारण ती उवांच्या लाळेची असते आणि उवा गेल्यावरही कातडी लगेच शांत होत नाही. तोवर नखे कापून ठेव. आणि काही दिवस वेण्या वर बांधून अंबाडा घाल, म्हणजे मैत्रिणींना लांब बसायची गरज राहणार नाही.

प्रश्न : मुलगा चौथीत आहे, केस अगदी बारीक ठेवतो. बहिणीच्या डोक्यात उवा सापडल्या. त्याचेही डोके तपासावे का? (चाळीसगाव येथील एक आई)

उत्तर : तपासावे. मुलींना उवा अधिक होतात, परंतु एका अंथरुणावर झोपणाऱ्या भावाला त्या सोडत नाहीत. केस फणीच्या दातांत धरण्याएवढे असतील तर पाच मिनिटांत काम होते. कानामागे आणि मानेवर आधी पाहावे, आणि बहिणीसाठी वापरलेली फणी त्याच्या डोक्याला लावण्यापूर्वी कढत पाण्यातून काढावी.